गुणाईच्या बारवेच्या वाकड्या पायऱ्या

मंडळी, या बारवेत भिंतीला हात लावून उतरा. इथली एक पायरी दुसरीसारखी नाही. कुठे वीतभर उंची, कुठे गुडघाभर.

ही बारव म्हाळू पाथरवटाची, असे सांगतात. त्याच्या हाताला पंचक्रोशीत तोड नव्हती, आणि तेच त्याला भोवले म्हणे. खोदकाम झाले, पाणी लागले, पायऱ्या तेवढ्या राहिल्या. म्हाळू दगड घडवायचा, उन्हात फिरवून पाहायचा आणि केसाएवढी कसर दिसली की घणाने फोडायचा. असे कैक उन्हाळे गेले. काठावर टाकलेल्या दगडांचा ढीग वाढत गेला. बायका मात्र दोराला धरून निसरड्या कडेने उतरत राहिल्या.

त्याची बायको गुणाई एकदा म्हणाली, "धनी, पाय टेकण्यापुरते धोंडे बसवा. बाकीचं मागाहून करा."

"लोक माझ्या हातचं म्हणून बघतील," म्हाळू म्हणाला. "वेडंवाकडं कसं बसवू?"

ती घागर घेऊन गेली. दोर ओला होता, हातातून सुटला. हाक ऐकून म्हाळू धावला, पण दोरही खाली गेला होता; तिच्यापर्यंत उतरायला दुसरी वाटच नव्हती. खालून येणारे तिचे कण्हणे थांबले, तेव्हाही तो काठावरच उभा होता.

सुतक फिटले आणि म्हाळूने ढिगातला एक कोपरा उडालेला दगड उचलून बसवला. तो डुगडुगला. हात सवयीने घणाकडे गेला. मग त्याने घण बाजूला ठेवला, दगडाखाली एक चीप सारली आणि स्वतः वर उभा राहून पाहिले. पुढे दुसरा बसवला. बाया ठेचकाळल्या की सांगायच्या. तो तेवढाच दगड काढून जरा नीट बसवायचा. ती वाकडी रांग तो रोज बघायचा, पण पुन्हा एकही दगड त्याने फोडला नाही. त्याला हसताना मात्र नंतर कुणी पाहिले नाही. काम अर्धेमुर्धे टाकूनच तो गेला.

आजही चैत्रात पाणी खाली गेले की गाव इथे जमते आणि एकच पायरी काढून नीट बसवते. वेळ उरला तरी दुसरीला हात लावत नाहीत. कुठली पायरी, ते पाणी भरणाऱ्या बायका ठरवतात. गुणाई पडली त्या जागेची पायरी पिढ्यान्‌पिढ्या कुणी मागितली नव्हती. गेल्या साली मागितली. धोंडा उचलला, खालचा चिखल काढला, पुन्हा ठेवला. दोन बोटे सरळ झाला. अजून कललेलाच आहे. तिथे जरा जपून पाय ठेवा.