सिग्नल पडला

राणीच्या राज्यात बांधलेलं चिंचखोऱ्याचं स्टेशन बंद पडलं, तेव्हा लोकांनी छपराची कौलंसुद्धा सोडली नाहीत. मागे उरलं एक लोखंडी बाकडं, एक घंटा आणि हात आडवा करून उभा असलेला जुना सिग्नल.

सिग्नलचा तोरा मात्र तसाच होता. "गाडी वळणापलीकडे उभी आहे," तो सांगायचा. "माझा हात पडल्याशिवाय पुढे यायची तिची काय बिशाद!"

"मग पाडा की एकदाचा," घंटा काकुळतीला येऊन म्हणायची. "ठोका ऐकायला कान आसुसलेत माझे."

"बघू. आधी जरा शिस्तीत राहायला शिका."

रुळांच्या जागी चरणारी शेळी म्हणाली, "अहो सिग्नलराव, रूळच नाहीत, तर गाडी येणार कशावरून?"

"तू चरायचं बघ. रेल्वेतलं तुला काय कळतंय?" सिग्नलने तिला उडवून लावलं. एवढी मोठी गाडी आपल्या एका हातासाठी खोळंबली आहे, या विचारानं त्याला गारगार वाटायचं.

मग वैशाखातल्या वावटळीत गंजलेला खांब बुडातून मोडला आणि सिग्नल हातासकट खाली आला.

"सिग्नल पडला!" बाकडं हरखून ओरडलं. पूर्वी त्याच्यावर बसलेले उतारू असंच ओरडून बोचकी उचलायचे.

आणि खरोखरच दुसऱ्या दिवशी गाडी आली. भंगारवाल्याचा टेम्पो होता. त्याने बाकडं चढवलं, घंटा चढवली, वर सिग्नल टाकला. धक्क्यानं घंटेवर दोन ठोके पडले आणि ती सुखावली.

"पाहिलंत?" आडवा पडलेला सिग्नल ऐटीत म्हणाला. "मी पडलो, तेव्हाच गाडी आली."