म्हशीची सर्दी आणि रिकामा पाट

एकदा एका गुळाच्या व्यापाऱ्याच्या मनात आले की, दिवंगत मातोश्रींच्या नावाने गावासाठी काहीतरी करावे. कुणी म्हणाले, पाणपोई बांधा. कुणी म्हणाले, मुलांसाठी गाण्यांचे चित्रमय पुस्तक छापा आणि पंचक्रोशीतल्या घराघरांत वाटा. व्यापाऱ्याला दुसरी कल्पना आवडली. पण तो सावध माणूस होता. "आधी पुस्तक ऐकतो," तो म्हणाला. "पसंत पडलं तर छापीन. नाहीतर पाणपोई आहेच. पाण्यात कुणी चुका काढत नाही."

त्याच गावात एक वृद्ध कवी राहत असे. त्याच्यापाशी एक तरुण शिष्य काव्य शिकत होता. शिष्य तळमळीचा होता, बुद्धिमान होता आणि भलताच उतावळा होता. मुलांच्या हाती चांगली कविता पडली तर गावाची पुढची पिढीच बदलून जाईल, असे तो ज्याला त्याला ऐकवत असे. ऐकणारा घाईत असला तर त्याच्याबरोबर चालत जाऊन ऐकवत असे. व्यापाऱ्याचा विचार कानी येताच त्याने जेवणखाण विसरून एक पुस्तक रचले. चित्रेही स्वतःच काढली आणि पाने जाड दोऱ्याने शिवली. पुस्तकात एका म्हशीला सर्दी होते, वैद्य येतो, फजिती होते आणि शेवटच्या पानावर बोध येतो. त्या बोधाच्या दोन ओळींवर शिष्याने सर्वांत अधिक मेहनत घेतली होती.

शिष्याची पहिली रचना गुरूने वाचून दाखवायची, अशी तिथली रीत होती. ठरल्या दिवशी देवळाच्या सभामंडपात गावातली चिल्लीपिल्ली जमली. व्यापारी खांबाला टेकून बसला. मांडीवर त्याची लहानगी नात होती, ठकू. तिच्या मुठीत गुळाचा खडा होता. शिष्य गुरूंच्या मागे उभा राहिला.

गुरूंनी पहिले पान मुलांकडे वळवले.

"म्हशीला झाली सर्दी, गोठ्यात जमली..."

आणि ते खोकून थांबले. छताकडे पाहू लागले.

"गर्दी," शिष्य मागून पुटपुटला. गुरूंनी ऐकले नाही. मुले एकमेकांकडे पाहू लागली. तेवढ्यात पुढच्या रांगेतला एकजण ओरडला, "गर्दी!"

"अरे हो! गर्दी!" गुरूंनी कपाळावर हात मारला, आणि मुले खुदकन हसली.

"वैद्य म्हणाले, 'प्या हा काढा.' म्हैस म्हणाली, 'आधी...'"

पुन्हा खोकला, पुन्हा छत.

"वाढा, गुरुजी! 'आधी वाढा'!" शिष्य कासावीस होऊन कुजबुजला.

"पेढा!" चार-पाच आवाज एकदम आले.

"पेढाच," गुरू म्हणाले. "म्हैस हुशार दिसते."

शिष्याने मान उंचावून गुरूंकडे पाहिले. गुरूंना विसर पडू लागला की काय? आजच? पण पुढच्या पानावर तर कहर झाला.

"म्हैस शिंकली जोरात, वैद्य पडले..."

आता मुले गुडघ्यांवर उभी राहिली होती. शिष्याने मोठ्याने 'दारात' म्हणायला तोंड उघडले, पण सगळा सभामंडप त्याच्या आधी गर्जला, "शेणात!"

एक पोरगा तर शेणात पडून दाखवू लागला. दुसऱ्याने वैद्याची बाजू घेतली, "ए, त्यांचं धोतर कोण धुणार?" व्यापाऱ्याने भुवया वर नेल्या, आणि शिष्याला आपले पुस्तक डोळ्यांदेखत बुडताना दिसू लागले.

असेच चालत ते शेवटच्या पानाशी आले. गुरूंनी तितक्याच उत्साहाने वाचले, "औषध जो वेळेवर घेई, सुखी निरोगी तोच..."

ते थांबले.

गुरू वाट पाहत राहिले. एका मुलीने जांभई दिली. अखेर मुलांच्या मागच्या रांगेतून आवाज आला, "संपली का? परत म्हशीचं वाचा की!"

गुरूंनी शांतपणे पुस्तक मिटून शिष्याच्या हाती दिले. मुले अंगणात पांगली आणि शिंकण्याचा खेळ खेळू लागली.

व्यापारी पुढे आला. "शेवटचं कवन तेवढं नामी आहे," तो म्हणाला. "तसा बोध प्रत्येक पानाखाली ठळक अक्षरांत घाला. आणि ते शेण-बिण मुलांच्या तोंडी यायला नको. आमच्या मातोश्री सोवळ्यातल्या होत्या. एवढं कराल तर सगळा खर्च माझा. विचार करा, मी देवाला प्रदक्षिणा घालून येतो."

तो ठकूला कडेवर घेऊन गाभाऱ्याकडे वळताच शिष्याचा बांध फुटला. "गुरुजी, हे काय केलंत? एक ओळ धड पुरी केली नाहीत! मी एकेक शब्द तोलून घातला होता."

"म्हणून तर थांबलो," गुरू म्हणाले. "बाळ, यमक म्हणजे काय?"

"दोन ओळींच्या अंती होणारी नादाची पुनरावृत्ती."

"ते पंडितांसाठी. मुलांसाठी यमक म्हणजे पंगतीत मांडलेला रिकामा पाट. पहिली ओळ त्यांना जेवायला हाक मारते. दुसऱ्या ओळीच्या टोकाशी पाट असतो, आणि आपली जागा कुठली, हे मुलाला बरोबर कळतं. ते धावत येतं. तू पाट छान मांडलेस हो, भोवती रांगोळीही काढलीस. पण मूल पोचायच्या आत प्रत्येक पाटावर स्वतःच बसायला निघाला होतास."

शिष्याला हसू आले; पण राग अजून पुरता गेला नव्हता. "पण पेढा! शेणात! यमक बिघडलं, गुरुजी."

"बिघडलं खरं. पण ज्याने तो शब्द आणला त्याची ती कविता झाली. तो आता ती घरी नेईल. तुझा 'दारात' दारातच राहिला असता."

"आणि शेवटचं पान? तिथेही तुम्ही थांबलात. तिथे कुणी का आलं नाही?"

"तिथे पाट कुठे होता? पोरं पोटभर जेवून उठली होती, आणि तू त्यांना भोजनाचे फायदे सांगत होतास."

शिष्याने ते पान पुन्हा उघडले. याच दोन ओळींनी व्यापारी प्रसन्न झाला होता. त्या ठेवल्या तर पुस्तक घरोघरी जाणार होते, आणि हेच तर त्याचे स्वप्न होते. पण सभामंडपातली ती जांभई त्याच्या डोळ्यांपुढून हलेना.

व्यापारी परतला, तेव्हा शिष्य शिवणीचा दोरा सोडवत होता. त्याने शेवटचे पान अलगद काढले आणि घडी घालून खिशात ठेवले.

"हे काय?" व्यापारी चकित झाला. "तेच तर मला आवडलं होतं!"

"तुम्हाला आवडलं, शेठजी. पण पुस्तक मुलांचं आहे."

"अहो, मग यातून मुलं शिकणार काय?"

या प्रश्नाचे उत्तर शिष्याकडे तयार होते. चांगले तासभर पुरेल एवढे. त्याने श्वासही भरून घेतला. मग गुरूंकडे पाहिले, आणि तो श्वास तसाच सोडून दिला.

"ठकूला एक पान वाचून दाखवता का?" त्याने विचारले.

व्यापारी कुरकुरत पायरीवर बसला. ठकूने चिकट बोटांनी मधलेच पान उघडले. त्यावर म्हैस तळ्यात डुंबत होती आणि काठावर एक गलेलठ्ठ बेडूक होता. व्यापाऱ्याने घसा खाकरला.

"म्हैस बसली पाण्यात, बेडूक रमला..."

पुढचा शब्द त्याच्यासमोर छान वळणदार अक्षरांत लिहिलेला होता. पण ठकूने चोखता खडा तोंडातून बाहेर काढला होता आणि ती आजोबांच्या ओठांकडे टक लावून पाहत होती. व्यापारी थांबला.

शिष्याच्या जिभेवर 'गाण्यात' अगदी टोकाशी आला होता. त्याने दात घट्ट मिटून घेतले. आयुष्यात इतके कठीण काम त्याने कधी केले नव्हते.

ठकूने बेडकाकडे पाहिले. हातातल्या गुळाकडे पाहिले.

"खाण्यात!"

व्यापाऱ्याने पानावरचा शब्द पाहिला, मग नातीचा चेहरा पाहिला. तराजूत गुंजभर फरक खपवून न घेणारा तो माणूस क्षणभर घुटमळला.

"खाण्यात," तो म्हणाला. "बरोबर." आणि त्याने पान उलटले.

त्याने सगळे पुस्तक तसेच थांबत थांबत वाचून संपवले. ना बोधाची गोष्ट पुन्हा निघाली, ना पाणपोईची. मिटलेले पुस्तक व्यापाऱ्याने आपल्या उपरण्यात बांधून घेतले होते.

आज घरी मुलाला जवळ घेऊन गाणे म्हणाल, तेव्हा दुसऱ्या ओळीच्या टोकाशी जरा थांबून पाहा. थांबणे वाटते तितके सोपे नाही.