बिनकाट्यांचा निवडुंग

एका राज्यात गवताचे पातेही उगवेनासे झाले. राजा धीरसेनाच्या कळपांनी कंकोळ जादूगाराचे कुरण मुळासकट फस्त केले होते, म्हणून त्याने शाप दिला होता. झाडपालाही संपत आला. गाईंच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या.

राजगोठ्याची राखणदार होती हौसा. हाताने वाढवलेल्या कालवडी उठेनात, हे पाहून तिच्या घशाखाली घास उतरेना. तेव्हा आढ्यावरचा भारद्वाज बोलला, “बाई, कंकोळाच्या टेकडीवर बिनकाट्यांचा निवडुंग आहे. तो माग त्याच्याकडे.”

हौसा टेकडी चढली. कंकोळ दारातच बसला होता.

“शाप मागे घ्या, स्वामी.”

“दिलेला शाप मला मोडता येत नाही. भूक असताना जो उद्यासाठी राखील, त्याच्या हातून तो मोडेल. हे पान ने. सात दिवस सावलीत सुकव. मग मातीत रोव, पण पाणी घालू नकोस. आणि फुटवे काप, बुडाच्या पानाला मात्र हात लावू नकोस.”

चाऱ्याला निवडुंग! लोक हसले. हौसाने पान सुकवले, माळावर रोवले. पाणी घालायला हात शिवशिवत, म्हणून घागर उपडी घालून ती तिच्यावरच बसली. रोवल्यापासून तिसऱ्या दिवशी पानाला फुटवे आले आणि सूर्य मावळेपर्यंत माळभर पुरुषभर उंचीचे निवडुंग उभे राहिले. तिने फुटवे चिरले, उरल्यासुरल्या भुशात कालवले. गाईंनी हुंगले, मग मान खाली घालून खातच राहिल्या.

पण कळप मोठा. दुसऱ्या दिवशी राजा स्वतः विळा घेऊन आला.

“बुडापासून कापा!”

हौसा आडवी आली. “नाही महाराज. फुटवे सगळे न्या. बूड राहू द्या.”

“गाई उपाशी आहेत, हौसा.”

“त्या मीच वाढवल्यात. बूड गेले तर उद्या त्यांना काय घालू?”

कळप हंबरत होता. राजाने कळपाकडे पाहिले. मग त्याने विळा खाली ठेवला.

“कुरण एकदा संपवून पाहिले. पुन्हा नाही.”

तत्क्षणी त्याच्या पावलांभोवती हिरवी लव उगवली, माळ ओलांडून क्षितिजापर्यंत पसरत गेली. हौसा पोटभर रडली. एक कालवड लटपटत उठली, तिने गवत हुंगले, आणि आधी निवडुंगाच्याच फोडी खाऊ लागली. राजाला हसू आवरेना.

त्या राज्यात पुढे गवतही नांदले, निवडुंगही नांदला. तिथल्या गोठ्यांत जशी तृप्त रवंथ चालली, तशी तुमच्याआमच्या दारी चालो.