पिवळ्या गाडीतली गाठ

"खोट काय हाय त्या गाडीत, तेवढं सांगा. बाकी मला काही नको."

भरतेश चौगुले गॅरेजच्या दारातून तरातरा आत आला तो हेच विचारत. या गॅरेजात येताना उंबऱ्याला हात लावायचा, तालमीत लावतात तसा, असा रिवाज होता. आज तो लावायचं विसरला.

दस्तगीर वस्ताद बाकड्यावर बसून दोऱ्याला मेण लावत होते. मेणाची वडी गुडघ्यावर, दोरा तिच्यावरून हळूहळू ओढायचा. त्यांनी मान वर केली नाही.

"बस."

"बसायला आलो न्हाई मी."

"मग उभा राहा."

भरतेश उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

तो रागावणारच. कोल्हापुरात कुणाला जुनी स्पोर्ट्स कार घ्यायची असली, तर लोक आधी भरतेशचं वर्कशॉप गाठत. फरशी अशी लख्ख, की तिच्यावर पंगत बसवावी. भिंतीला स्कॅनर, वर थंडगार एसी. आणि दारावरच्या पाटीवर त्याच्या नावाखाली मोठ्या अभिमानानं लिहिलेलं, 'दस्तगीर वस्ताद यांचे शिष्य'. त्याच वस्तादांनी आज सकाळी त्याच पाटीखाली, त्याच्याच कामगारांसमोर त्याचं नाक कापलं होतं.

झालं होतं ते एवढंच. शिरोलीला वडिलांची फौंड्री चालवणाऱ्या शलाका सरनोबतला एक पिवळी, दोन माणसांची, जमिनीला चिकटून पळणारी गाडी आवडली. सांगलीचा एक व्यापारी ती विकत होता. भरतेशनं तपासली आणि सांगितलं, डोळे झाकून घ्या. ती हसून म्हणाली, "घेते. पण आमच्या घरी वडिलांच्या वेळेपासून वस्तादांनी बघितल्याशिवाय गाडी येत नाही." भरतेशला ते जरा टोचलं. पण गुरूला नको कसं म्हणणार?

वस्ताद आपल्या खडखडत्या स्कूटरवरून आले. गाडीभोवती एक फेरी मारली. डावीकडच्या सीटपुढची चटई उचलली आणि डॅशबोर्डखाली कोपरापर्यंत हात घातला. डोळे मिटले. बराच वेळ तसेच राहिले, नाडी बघावी तसे. मग हात काढून धोतराला पुसला.

"घेऊ नको, पोरी."

बस्स. स्कूटरला किक मारली आणि गेले. का नको, कशासाठी नको, एक अक्षर नाही. अरे, न्यायाधीशसुद्धा फाशी देताना कारण वाचून दाखवतो!

"मी काय काय तपासलं, ते विचारा तरी," भरतेश म्हणाला.

"सांग."

"थंड इंजिन बघितलं. कुणी आधीच गरम करून ठेवली न्हाई ना, म्हणून बॉनेटवर हात ठेवला, मगच चावी फिरवली. धूर न्हाई, खडखड न्हाई."

"बरं."

"रंगाची जाडी मोजली. दारं, बॉनेट, डिकी, सगळीकडं सारखी. फटी सारख्या. बोल्टाला पाना लागल्याची खूण न्हाई. गाडी कुठंही ठोकलेली न्हाई."

"क्लच?"

"चढाला वरच्या गियरमध्ये दाबून बघितली. घसरत न्हाई. असल्या गाड्या घेणारे आधी क्लचच जाळतात, मला म्हाईत न्हाई व्हय?"

"टायर?"

"चारी एका सालचे, झीज सारखी. जॅकवर चढवून खालनं बघितली. तेलाचा थेंब न्हाई. ब्रेकच्या तबकड्या नव्या."

"बरं..."

दोरा मेणावरून सरकत राहिला.

"आणि गालिच्याखाली?"

भरतेशनं बाकड्यावरचा एक पाना उगाच उचलून परत ठेवला.

"गालिच्याखाली काय? चोख हाय."

इथं वाचणाऱ्याला सांगून टाकलेलं बरं, कारण भरतेश आपणहून सांगणार नव्हता. ही गाडी महापुरात बुडालेली होती. सांगलीतल्या एका इमारतीच्या तळघरात सीटच्या वरपर्यंत पाण्यात उभी होती. व्यापाऱ्यानं ती मातीमोलानं उचलली आणि भरतेशच्या दारात आणून टाकली. भरतेशनं आतलं सगळं उपसून काढलं. गालिचे फेकले, सीटचे पट्टे बदलले, एकूण एक वायर नवी ओढली. सगळा हिवाळा त्यात घातला. असं काम त्यानं आयुष्यात केलं नव्हतं. गाडी सुरू झाली त्या दिवशी तो तिच्याशेजारी बसून चक्क रडला होता.

व्यापारी म्हणाला, "पाण्याचं कुणाला बोलू नका, चौगुले. तुमच्या कामानंतर बोलण्यासारखं उरलंय काय?"

ही स्तुती भरतेशच्या डोक्यात जी बसली, ती बसलीच. खरंच, उरलंय काय? महिना-दोन महिन्यांत त्याला स्वतःलाच वाटायला लागलं, की या गाडीनं पाणी कधी बघितलंच नाही. म्हणून त्याचा आजचा संताप खोटा नव्हता. अगदी मनापासूनचा होता, आणि तीच त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट होती.

"चोख हाय," तो पुन्हा म्हणाला. "मशीन लावून बघा. धोक्याचा एक दिवा पेटत न्हाई. तुम्ही हात घालून डोळे मिटता आणि माणसाला बाद करता! ही कुठली रीत? माझ्या पोरांनी तोंडं फिरवली आज. मी त्या गाडीला जीव लावलाय, वस्ताद. एकेक वायर मी..."

तो थांबला.

वस्तादांनी पहिल्यांदाच वर बघितलं. बाकड्यावर चारदोन वायरी पडल्या होत्या, त्या गोळा करून त्याच्या हातात दिल्या. वर मेण लावलेला दोरा ठेवला.

"बांध."

हे काम भरतेश झोपेतसुद्धा करू शकला असता. आजकाल सगळे वायरींना प्लॅस्टिकच्या पट्ट्या लावतात. वस्तादांच्या हाताखाली शिकलेला माणूस मेणाच्या दोऱ्यानं बांधतो. कारण पट्टी उन्हानं तडकते, दोरा तडकत नाही. शेवटची गाठ डाव्या अंगानं वळवून आत खुपसायची. ही गाठ वस्तादांना त्यांच्या वस्तादांनी दिली होती. आणि तिच्यामागं एक नियम होता. कुणाच्या गाडीत अशी गाठ सापडली, तर तिला हात लावण्याआधी बांधणाऱ्याकडं जायचं आणि विचारायचं, बाबा रे, तू हितं काय केलंस? बांधणाऱ्यानं सांगायचं. गाठ असते ती त्यासाठी.

भरतेशची बोटं चालत होती. दोरा फिरला, ओढला गेला, डाव्या अंगानं वळला आणि आत गेला.

मग त्याचं त्यालाच दिसलं.

सांगलीच्या चिखलाचा कण त्यानं गाडीत ठेवला नव्हता. वास ठेवला नव्हता. पण डॅशबोर्डखाली, अंधारात, नव्या वायरींच्या प्रत्येक जुडीवर त्यानं हीच गाठ मारली होती. लपवायच्या कामातसुद्धा हाताला दुसरी गाठ ठाऊक नव्हती.

"माझी बी डावीकडं वळती," वस्ताद म्हणाले. "माझ्या वस्तादांची बी वळायची. ते गेले... आता राहिलं कोण?"

भरतेश पकडला गेला होता. पण माणूस इतक्या सहजासहजी खाली उतरत नाही. तो आणखी चिडला.

"व्हय, मी केलंय काम! पाण्यातली होती गाडी. होती! आता हाय का? सांगा, एका वायरीत खोट काढून दाखवा."

"न्हाई निघणार. मला बी इतकं चांगलं जमलं नसतं."

भरतेशला वाटलं, आपण जिंकलो.

"मग?"

"एअरबॅग उडवणारा डबा बदललास, का वाळवलास?"

गॅरेजच्या पत्र्यावर एक कावळा टणटण चालत गेला. दोघांनीही तो ऐकला.

"मिळाला न्हाई कुठं," भरतेश खालच्या आवाजात म्हणाला. "वाळवला. पण दिवा पेटत न्हाई..."

"आज न्हाई पेटत."

बाहेर एक गाडी करकचून थांबली. शलाका सरनोबत आली. उंबऱ्याला हात लावला आणि मग उखडली.

"बरं झालं, दोघं एका जागी सापडलात. एक म्हणतो घे, एक म्हणतो नको, आणि का ते कुणीच सांगत नाही. मी काय लहान मूल आहे? उद्या आंबा घाट उतरून रत्नागिरीला जायचं ठरलंय माझं. शेजारच्या सीटवर आई बसणार आहे. वस्ताद, तुम्ही आत हात घातलात तेव्हा काय सापडलं?"

भरतेशनं वस्तादांकडं बघितलं. आता ते सांगणार. सांगून टाकू देत एकदाचं, असंही त्याला वाटलं.

"काम सापडलं," वस्ताद म्हणाले.

"कसलं काम?"

"बुडालेली गाडी उभी करायचं."

"बुडालेली?" शलाकाचा आवाज चढला. "आणि कुणी केलं ते?"

वस्ताद उठले. मेणाची वडी बाजूला ठेवली.

"मी."

भरतेशला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

शलाका मागं सरकली. मग जे काही तिच्या मनात साठलं होतं, ते सगळं त्या म्हाताऱ्यावर कोसळलं. "तुम्ही? तुम्ही केलंत आणि गप्प बसलात? आमच्या वडिलांनी आयुष्यात कुणावर विश्वास टाकला नाही, वस्ताद, फक्त तुमच्यावर टाकला. तुमच्या शब्दावर आमच्या घरातली माणसं गाडीत बसत आलीत. आणि तुम्ही पुरातली गाडी रंगवून बाजारात सोडता? लाज नाही वाटत या वयात?"

वस्तादांनी मान खाली घातली. काठी खाणाऱ्या बैलासारखे उभे राहिले.

एवढं भरतेशला बघवलं नाही.

"त्यांना बोलू नका!" तो ओरडला. "त्यांनी हात लावला न्हाई त्या गाडीला. माझं काम हाय ते. मी बांधली, मी लपवलं. एअरबॅगचा डबा पाण्यातला हाय, नुसता वाळवून ठेवलाय. आदळली तर ती पिशवी उघडंल का न्हाई, मला सांगता येत न्हाई. कुणालाच सांगता येणार न्हाई. ब्रेकचा कॉम्प्युटर पण पाण्यातलाच हाय. मला सगळं म्हाईत होतं, आणि मी तुम्हाला डोळे झाकून घ्या म्हटलं!"

बोलून झाल्यावर तो धापा टाकत राहिला.

शलाका आळीपाळीनं दोघांकडं बघत होती. तिचा राग आता कुणावर जायचं ते ओळखून होता, पण आवाज मात्र एकदम बारीक झाला.

"आईला मी सांगितलं होतं, भरतेशदादांनी बघितलीय, काळजी करू नको."

भरतेशला हे शिवीपेक्षा लागलं.

ती वस्तादांच्या पाया पडायला वाकली. त्यांनी तिला मध्येच धरून उठवलं. भरतेशकडं न बघता ती निघून गेली.

बाहेर तिची गाडी सुरू होऊन दूर गेली.

"तुम्ही माझं काम अंगावर का घेतलंत?" अखेर भरतेशनं विचारलं. त्यातही राग होताच. आता तो कुणावर होता, हे त्याला सांगता आलं नसतं. "सकाळीच सांगायचं होतंत तोंडावर. चारचौघांत मुस्काटात मारली असती तरी चाललं असतं मला."

वस्ताद पुन्हा बाकड्यावर बसले. "गाठ तर माझीच हाय न्हवं," ते म्हणाले.

बाकड्यावर वायरींची ती जुडी पडली होती. भरतेशनं ती उचलली. गाठ सुरेख बसली होती, डावीकडं वळून आत गेलेली. त्यानं शेजारचं पातं घेतलं आणि गाठीला लावलं.

"वर्कशॉपच्या पाटीवरनं तुमचं नाव आजच पुसतो. आणि ही गाठ मी यापुढं मारणार न्हाई, वस्ताद. माझी लायकी न्हाई तेवढी. लावीन प्लॅस्टिकच्या पट्ट्या, सगळे लावतात तशा."

वस्तादांनी झडप घालून पातं त्याच्या हातातून हिसकावलं. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला, इतका की पत्र्यावरचा कावळा उडाला.

"मारायची! हीच मारायची! न्हाईतर पुढच्यानं विचारायचं कुणाला?"