उसनी गाय

फार जुनी गोष्ट आहे; इतकी जुनी, की तेव्हा गादीवर कोणता राजा होता हे सांगणारंही आता कुणी उरलेलं नाही. डोंगराच्या पायथ्याला, ओढ्याच्या काठी एक गाव होतं. पावसाळ्याचे चार महिने ओढा दुथडी भरून वाहायचा आणि गाव जगापासून तुटून पडायचं.

त्या गावात हैबती नावाचा एक बुरूड राहत असे. कळकाच्या कामट्या काढायच्या, त्यांच्या टोपल्या, सुपं, कणग्या विणायच्या आणि बाजाराच्या दिवशी विकायच्या, एवढाच त्याचा उद्योग. घरात राही नावाची बायको आणि एकुलती एक लेक म्हाळसा. दोन वेळची भाकरी मिळायची. पण पाहुणा आला, की घरातल्या एकानं ‘मला आज भूक नाही’ म्हणायचं, अशी तऱ्हा.

म्हाळसाला लहानपणापासून एकच नाद. बापाच्या उरलेल्या कामट्या घ्यायच्या आणि त्यांचे पूल बांधायचे. एकदा तिने दोन हात लांबीचा पूल दोन दगडांवर टेकवला आणि त्याच्यावर आईचा पाटा ठेवला. पूल करकरला, पण मोडला नाही. राजधानीजवळच्या विद्यापीठाचे एक आचार्य तेव्हा सूप घ्यायला दारात थांबले होते. त्यांनी पोरीला दहा प्रश्न विचारले. तिने आठांची उत्तरं दिली आणि उरलेल्या दोनांना ‘ठाऊक नाही’ म्हणाली. आचार्यांना तेच जास्त आवडलं. ते हैबतीला म्हणाले, “हिला माझ्याकडे पाठव. तीन वर्षांत ही या ओढ्यावर पूल बांधील.”

आता तीन वर्षं शिकायचं म्हणजे अन्नवस्त्र आलं, गुरुदक्षिणा आली. सगळं मिळून तीस पोती धान्य लागणार होतं. हैबतीच्या घरात तीस शेरही एका वेळी कुणी पाहिले नव्हते.

पण राजा शहाणा होता. त्याने अशा लेकरांसाठी एक विद्याकोठार ठेवलं होतं. ज्याला विद्येची ओढ आहे आणि ज्याच्या घरात दाणे नाहीत, त्याने अर्ज करावा. कोठाराचं माणूस येऊन घर पाहून जाईल आणि वसंतपंचमीला नावांची यादी लागेल. आचार्यांनी हे सगळं नीट समजावून सांगितलं. हे धान्य परत करायचं नसतं, ही भीक नव्हे, राज्याने उद्यासाठी केलेली पेरणी आहे, असंही ते म्हणाले. हैबतीने मान डोलावली आणि अर्ज धाडला. त्याला त्यातलं समजलं किती, ते पुढे कळेलच.

त्या गावची एक रीत होती. पाहुण्यापुढे घर उघडं पडू द्यायचं नाही. कुणाकडे सोयरे यायचे असले, की शेजारी आपली पितळी भांडी, बाज, घोंगडी आपण होऊन आणून द्यायचे. पाहुणे गेले, की ज्याचं त्याला परत. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तिथे पाळण्यातल्या पोरालासुद्धा ठाऊक होतं. रीत वाईट नव्हती हो. तिने कितीतरी लग्नं जुळवली होती. पण कुठली रीत कुठे लावायची, हे कळायला अक्कल लागते.

कोठाराचं माणूस उद्या येणार, असा निरोप आला आणि हैबतीची धांदल उडाली. त्याने घर सारवून घेतलं. समोरच्याकडून हंडा-घागर आणली, मागच्या आळीतून बाज आणली, आणि चौथ्या घरच्या रामजी कुंभाराची दुभती गाय आणून दारात बांधली. म्हाळसाने हळूच म्हणून पाहिलं, की बाबा, ते आपलं घर बघायला येताहेत. हैबती म्हणाला, म्हणून तर!

पाहणीला आली ती एक म्हातारी बाई. पांढरं लुगडं, हातात काठी, काखेत दप्तर. ती बाजेवर बसली, पाणी प्याली आणि एकेक गोष्ट विचारू लागली. घरात खाणारी तोंडं किती, वर्षाचं धान्य पुरतं का, ही भांडी कुणाची, गाय कुणाची. हैबतीने ताठ मानेने सांगितलं, की सगळं आपलंच आहे आणि देवाच्या दयेनं काही कमी नाही. म्हाळसाने बोलायला तोंड उघडलं. बापाने नुसतं पाहिलं आणि तिने ते मिटलं.

गाय मात्र सारखी हंबरत होती. तिचं वासरू चौथ्या घरी बांधलेलं होतं आणि तीही तिकडेच मान वळवून उभी होती. जनावर बिचारं, त्याला कुठे खोटं बोलता येतं? म्हातारी बराच वेळ गायीकडे पाहत राहिली. मग तिने विचारलं, “ही का हंबरते?”

“सवयच आहे तिला,” हैबती म्हणाला.

म्हातारीने दप्तरात काहीतरी लिहिलं, काठी उचलली आणि ती गेली.

वसंतपंचमीला चावडीवर यादी लागली. तीत म्हाळसाचं नाव नव्हतं. खाली एक ओळ होती, ती गावच्या पंतोजींनी वाचून दाखवली: ‘बुरुडाचं घर सुखवस्तू आहे. मदतीची गरज नाही.’ ज्याला अन्याय झाला असं वाटेल, त्याने अकरा दिवसांच्या आत कोठारावर येऊन दाद मागावी, असंही तिथे लिहिलं होतं.

राही नवऱ्याला एवढंच म्हणाली, “ताकाला गेलात आणि भांडं लपवलंत.”

हैबतीला ते झोंबलं. पण राजधानीत जायचं, चारचौघांपुढे आपलं दारिद्र्य आपल्याच तोंडाने सांगायचं, त्याहून वाईट म्हणजे आपण खोटं बोललो हे सांगायचं! त्याचे पाय उचलेनात. आज जाऊ, उद्या जाऊ, असं करता करता सहा दिवस गेले.

सातव्या दिवशी सकाळी तो कामाला बसला, तर विकायच्या टोपल्यांच्या ढिगावर एक नवी टोपली होती. तिच्या कामट्यांवर जुन्या गाठींचे वळ होते. त्याने कोपऱ्यात पाहिलं. पाटा पेलणारा तो पूल तिथे नव्हता. म्हाळसाने तो सोडवून, कामट्या भिजवून, त्यांची टोपली विणली होती.

“बाजाराला तेवढीच होईल, बाबा,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्याचंच हैबतीला फार लागलं. तो तसाच उठला. त्याने ती टोपली घेतली, लेकीला चल म्हणाला, आणि दोघं राजधानीच्या वाटेला लागली.

वाट चार दिवसांची होती. दहाव्या दिवशी उन्हं कलताना ती दोघं कोठाराशी पोचली. अंगणात माणसं दाटली होती आणि ओसरीवर तीच म्हातारी बसली होती. हैबतीने टोपली तिच्यापुढे ठेवली.

“बाई, हंडा माझा नव्हता, बाज माझी नव्हती, गायही माझी नव्हती. माझ्या घरात पुढच्या बाजारापर्यंत पुरतील एवढेच दाणे आहेत. ही टोपली म्हणजे माझ्या लेकीचा पूल आहे. तो मी मोडला.”

सगळं अंगण ऐकत होतं. म्हाळसाने बापाला कधी खाली मान घातलेलं पाहिलं नव्हतं. ती पुढे होऊन त्याच्या शेजारी उभी राहिली.

म्हातारी म्हणाली, “गाय हंबरली तेव्हाच मला कळलं होतं.”

“मग लिहिलं का नाहीत?” हैबतीने विचारलं.

“मी घर जे सांगतं ते लिहिते. माझ्या मनाला वाटेल ते लिहायला लागले, तर उद्या कुणाचंही पोट माझ्या मर्जीवर राहील. म्हणून तर मी गायीचं दोनदा विचारलं. तुम्ही एकदा जरी खरं बोलला असता, तरी तेच लिहिलं असतं.”

मग तिने सांगितलं ते ऐकून हैबती मटकन खाली बसला. दाद मागणाऱ्यांसाठी बाजूला ठेवलेलं धान्य परवाच संपलं होतं. आता द्यायला होतं ते फक्त उसनं.

पण म्हाळसा बसली नाही. तिने एकेक गोष्ट विचारून घेतली. किती मिळणार? तीस पोती. फेड कधीपासून? शिकून कामाला लागल्यावर, वर्षाला तीन पोती, अशी दहा वर्षं. वाढीदिढी? नाही, जेवढं नेलं तेवढंच. आणि दुष्काळ पडला तर? त्या सालचं पुढच्या साली. सगळं समजल्यावर तिने ते पंतोजींनी शिकवलेल्या अक्षरात स्वतः लिहून काढलं, म्हातारीला वाचून दाखवलं आणि मगच खाली आपलं नाव घातलं.

तीन वर्षांनी म्हाळसा परत आली आणि दोन उन्हाळ्यांत तिने ओढ्यावर पूल बांधला. त्या पावसाळ्यात गाव पहिल्यांदाच तुटलं नाही. गावोगावाहून तिला बोलावणी येऊ लागली. घरात कणग्या भरल्या, दारात स्वतःची गायही आली. आणि दर साली सुगी झाली, की तीन पोती बैलावर लादून हैबती कोठाराकडे निघायचा. गडी पाठवा म्हटलं तर ऐकायचा नाही. धान्य लेकीच्या कष्टाचं होतं. बापाने एक दिवस मिरवलं आणि लेक दहा वर्षं फेडत होती. हे शल्य त्याला मरेपर्यंत राहिलं.

शेवटची तीन पोती पोचवून तो घरी आला, त्याच दिवशी रामजी कुंभार त्याच्या दारात आला. त्याच्या नातीने अर्ज केला होता आणि उद्या पाहणी होती. एक दिवसापुरती गाय मिळेल का, असं तो संकोचून विचारत होता. त्याची स्वतःची गाय केव्हाच विकली गेली होती.

हैबतीने त्याला जवळ बसवलं. “रामजी, तुझी गाय मी एक दिवस आणली, ती मला तीस पोत्यांना पडली. दूध हवं तर रोज ने. गाय मात्र उद्या माझ्याच दारात राहील.”

दुसऱ्या दिवशी पाहणी झाली, ती रिकाम्या गोठ्याची आणि फुटक्या रांजणाची. वसंतपंचमीच्या यादीत रामजीच्या नातीचं नाव पहिलं होतं, आणि तिला मिळालेल्या धान्यातला एक दाणाही परत करायचा नव्हता. ती विद्यापीठाकडे निघाली, तेव्हा तिला पोचवायला हैबती पुलाच्या पलीकडच्या टोकापर्यंत गेला. तिथे मात्र त्याला रडू आवरलं नाही.

तात्पर्य: झाकली मूठ सव्वा लाखाची खरी, पण झाकल्या मुठीत कुणाला काही घालता येत नाही.