शेळी देऊन शिकलेली दोरवाली

फार पूर्वी, नदीवर पूल बांधायचं कुणाला सुचलंही नव्हतं तेव्हा, काठावरच्या एका गावात एक तरुण दोरवाली राहायची. अंबाडी तळ्यात भिजवायची, तिच्या सालीचा वाख, म्हणजे धागे, सोलून वाळवायचा आणि त्याचे दोर वळायचे, हा तिचा धंदा. हात कसबी, पण स्वभाव भारी भित्रा. मागून कुणी नुसतं खाकरलं तरी ती दचकायची.

दोर वळून झाला की तिला शंका यायची. तुटला तर? मग ती तो दोर दारातल्या चिंचेच्या फांदीला बांधायची, दोन्ही हातांनी घट्ट धरायची आणि पाय वर घेऊन लोंबकळायची. दोर टिकला तरच तो विकायला निघायचा.

येणारेजाणारे हसायचे. "बघा, दोरवालीबाई झोके खातायत! धंदा कधी करायच्या?"

तिला ते लागायचं. त्यात गिऱ्हाइकानं "पक्का आहे ना गं?" असं विचारलं की तिच्या तोंडून निघायचं, "असावा बहुतेक." की गेलंच गिऱ्हाईक पुढच्या दुकानात.

एकदा गावात एक व्यापारगुरू आले. खांद्यावर रेशमी उपरणं, आवाज खणखणीत. देवळासमोरच्या मंडपात त्यांनी धंदेवाल्यांसाठी शिकवणी काढली. फी म्हणून एक दुभतं जनावर. दोरवालीकडे एकुलती एक शेळी होती. तिनं शेळीचं दावं सोडलं, पुन्हा बांधलं, पुन्हा सोडलं. शेवटी नेऊन दिली एकदाची.

शेजारची कुंभारीण म्हणाली, "अगं वेडे, शेळी रोज दूध देत होती. हा बाबा काय देणार?"

"धीर देणार आहेत, काकू."

गुरू सांगायचे, "शंका म्हणजे धंद्याला लागलेली वाळवी! गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघा. आवाज बेंबीच्या देठापासून काढा!" मग मंडपाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं ओरडायला लावायचे. सुरुवातीला दोरवालीचा आवाज चिमणीएवढा निघाला. पण रोजच्या सरावानं तो इतका वाढला, की एके सकाळी देवळाच्या शिखरावरची पाखरं भुर्रकन उडाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिला पहिल्यांदाच आपण कुणीतरी आहोत असं वाटलं.

शिकवणीच्या नादात अंबाडी मात्र तळ्यात नेहमीपेक्षा जास्त दिवस राहिली. काढली तेव्हा वाख पांढराशुभ्र निघाला, रेशमासारखा मऊ. तिचा हात थबकला. इतका मऊ? जास्त भिजून कुजला तर नाही? पण लगेच गुरूंचे शब्द आठवले. वाळवी नको! तिनं त्याचा जाडजूड दोर वळला आणि चिंचेकडे न बघताच दुकानात ठेवला.

जत्रा तोंडावर आली होती. गावचा नावाडी आला. या काठापासून त्या काठापर्यंत आडवा बांधलेला दोर धरून तो नाव ओढत न्यायचा. जुना दोर झिजला होता.

"पक्का आहे ना गं पोरी? माणसं बसायची आहेत."

दोरवालीनं थेट त्याच्या डोळ्यांत पाहिलं. "हत्ती बांधा याला, काका!"

नावाडी खुशीत दोर घेऊन गेला. उरलेल्या वाखाचा दोर कुंभारणीनं विहिरीसाठी नेला.

जत्रेच्या सकाळी मंडप फुलून गेला होता. शिकवणीतली सगळ्यांत हुशार शिष्य म्हणून दोरवालीला शाल मिळणार होती. गुरूंनी शाल उलगडली, तेवढ्यात गर्दीतून वाट काढत कुंभारीण आली. तिच्या हातात तुटका दोर.

"अगं, पहिल्याच खेपेला पोहरा विहिरीत गेला की!"

दोरवालीनं दोर हातात घेतला. तिनं तुटलेलं टोक बोटांनी ओढलं. वाख शेवयांसारखा तुटून हातात आला. नावेचा दोर याच वाखाचा होता.

तिचा चेहरा बघून गुरू काय ते समजले. हळूच म्हणाले, "आत्ता नको. शाल घे, मग बघू. सगळ्या गावासमोर स्वतःचा माल खोटा म्हणालीस, तर पुन्हा तुझ्या दारात कोण येईल?"

ते खरंच होतं. धंदा बुडाला असता. शेळी तर आधीच गेली होती. पण मंडपातून नदी दिसत होती. नावेत बायका चढत होत्या, कडेवर पोरं, डोक्यावर गाठोडी. आणि वळणाच्या खाली खडक.

दोरवाली शाल तशीच टाकून धावत सुटली.

ती काठावर पोचली तेव्हा नाव सुटली होती. नावाडी पाठमोरा, जत्रेचे ढोल टिपेला. तिनं छाती भरून श्वास घेतला.

"काका, थांबाऽऽ! दोर कच्चा आहे! माझा दोर कच्चा आहे!"

तो आवाज ढोलांवरून पार गेला. नावाड्यानं झटकन बांबू तळाशी रोवला आणि नाव मागे रेटली.

"ऐन जत्रेत अभद्र बोलतेस!" एक म्हातारी कडाडली.

नावाड्यानं नाव काठाला लावली. सगळ्यांना उतरवलं आणि काठावरच्या गड्यांना दोर ओढायला सांगितलं. त्यांनी जोर लावला. दोर ताणला, करकरला आणि फाटकन तुटला. तुटका भाग वळवळत खडकांकडे वाहत गेला. एका आईनं आपलं मूल पदराखाली ओढून घेतलं.

"हत्ती बांधा म्हणाली होतीस," नावाडी म्हणाला.

"चुकले, काका. चिंचेला बांधून बघितला नव्हता."

दुसऱ्या दिवशी गुरू पुढच्या गावाला गेले. मागून शेळी बें बें करत गेली. दोरवालीच्या दुकानाकडे बरेच दिवस कुणी फिरकलं नाही. मग एका दुपारी नावाडी आला.

"नवा दोर वळ. या खेपेला मी इथंच बसतो. चिंचेला दोघं मिळून लोंबकळू."

कुंभारीण कुंपणापलीकडून हसली. "काय गं, मग शेळी वसूल झाली म्हणायची?"

वाख हातात घेऊन दोरवालीनं थोडा विचार केला.

"झाली, काकू. तो आवाज नसता तर नाव थांबली नसती. पण अंबाडी वेळेवर काढली असती, तर ओरडायची वेळच आली नसती."

तात्पर्य: शिकवणी तोंडाला धीर देते, मालाला बळ आपल्याच हातांनी द्यावं लागतं. आणि जी शंका माल तपासायला लावते, ती फी भरून घालवू नये.