राखाडी शाईचं तोंड

यंत्रांनाही वाचा होती त्या काळातली ही गोष्ट. निजामभाईंच्या फोटोच्या दुकानातल्या प्रिंटरमध्ये चार शाया शेजारीशेजारी नांदत होत्या. पिवळी, गुलाबी आणि निळी लग्नसराईत नुसत्या मिरवत. राखाडी आपली बसून असे.

"हळद माझी, कुंकू माझं नि गुलाबीचं," पिवळी म्हणायची. "मांडवात राखेचं काय काम गं?"

"बायांनो, एखादा थेंब तरी उमटू द्या. बसून बसून तोंड वाळतंय माझं."

"वाळू दे की! आम्ही तिघी मिळून करू तुझा रंग!"

मिरवणारीला बसलेलीचं दुःख कुठून कळणार!

एके दिवशी दगडूबाबा आले. मोबाईल पुढे करून म्हणाले, "आमची गोदा गेली, भाई. हिला कागदावर द्या. रंग नको. रंगीत फोटोत लुगडंच दिसतं, माणूस दिसत नाही. तिचे पांढरे केस तेवढे नीट येऊ द्या."

"राखाडी शाई आहे ना आपल्याकडे! काळजी नको, बाबा."

राखाडीचा जीव सुपाएवढा झाला. याच चेहऱ्यासाठी ती थांबली होती. तिने सगळा जोर लावला, पण वाळलेलं तोंड उघडेना. मग त्या तिघीच धावल्या, एकमेकींत मिसळल्या. फोटो बाहेर आला. केसांवर शेवाळासारखी हिरवी झाक होती.

"भाई, केसांना काय लागलंय हिच्या?" म्हणत बाबा अंगठ्याने ते हलकेच पुसू लागले.

आत राखाडी अजून जोर लावत होती, आणि बाहेर बाबा पुसतच होते.